दुखणं हुकाचं, तक्रार स्टेरिंगची

धानाची मळणी आटोपली की मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, देसाईगंज या पट्ट्यातल्या ट्रॅक्टर गॅरेजांत एक तक्रार हमखास येते : ‘स्टेरिंग पकडत नाही.’ मेकॅनिक पुढचं चाक धरून हलवतो, बॉल जॉइंट बघतो, टायरॉडची टोकं बदलतो, चाकांचा टो-इन करून देतो. ट्रॅक्टर मोकळा चालवून बघितला तर सुतासारखा सरळ जातो. मालक खूश होऊन घरी नेतो, ट्रॉली जोडतो, धानाचे कट्टे भरतो आणि पहिल्याच वळणावर चाक फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. मग शिव्या मेकॅनिकला.

वास्तविक ‘मोकळा असताना सरळ चालतो’ या एका वाक्यात निदान झालेलं असतं. ओढणाऱ्या वाहनाची तक्रार पुढच्या चाकांत जाणवते, पण तिचं मूळ बहुतेक वेळा मागे, ट्रॉलीच्या हुकावर किती भार पडला आहे यात असतं. ट्रॅक्टरमागे ट्रॉली असो, जीपमागे सामानाचा ट्रेलर असो की मोटारीमागे झोपायची सोय असलेला कॅम्पर, गणित तेच. चंद्रपूर-गडचिरोलीत मोटारीमागे कॅम्पर ओढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटतील, पण मागे काहीतरी जोडून ओढणं हे इथलं रोजचं काम आहे. म्हणून आधी ट्रॉली.

आपल्याकडची बहुतेक ट्रॉली दोन चाकांची, एका आसाची असते. तिचा आस साट्याच्या अगदी मध्यावर नसतो, थोडा मागे सरकवलेला असतो. त्यामुळे भरलेल्या मालाचा काही हिस्सा चाकांवर आणि थोडा ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. हा ‘थोडा’ म्हणजे किती, इथेच सगळी गोम आहे.

एक साधा हिशेब मांडू. साटा ३.२ मीटर लांब, आस पुढच्या फाळक्यापासून १.९ मीटरवर आणि हुकापासून ३.२ मीटरवर. यात ४० किलोचे ७५ कट्टे, म्हणजे ३ टन धान, सारखं पसरून भरलं. मालाचा मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे येतो. हुकावर भार पडतो २८० किलोच्या आसपास. रिकाम्या ट्रॉलीचा स्वतःचा शंभरेक किलो धरा, म्हणजे एकूण ३८०. आता समजा दोन शेतकऱ्यांचं धान एकाच ट्रॉलीत आहे. पहिल्याचं घर आलं, मागचा फाळका उघडला, मागचे निम्मे कट्टे उतरवले. माल निम्मा झाला, आता ट्रॅक्टर आरामात चालेल असं कुणालाही वाटेल. पण उरलेल्या दीड टनाचा मध्य आसाच्या तब्बल १.१ मीटर पुढे आहे. हुकावरचा भार ३८० वरून ६०० किलोच्या वर जातो. माल अर्धा आणि हुकाचं ओझं दीडपट! तेवढ्यात पुढे कालव्याच्या पुलावरचा चढ लागला की ‘समोरून उठते जी’ ही ओरड सुरू.

ट्रॅक्टरचा हूक मागच्या आसाच्या पाठीमागे असतो. मागची चाकं हा टेकू, हूक हे एक टोक आणि पुढची चाकं हे दुसरं. हूक मागच्या आसापासून ६५ सेंटिमीटर मागे आणि पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर १९५ सेंटिमीटर असेल, तर हुकावर ३ किलो पडले की पुढच्या चाकांवरचा १ किलो उचलला जातो. दोन टनांच्या ट्रॅक्टरचे ८०० किलो पुढच्या चाकांवर आहेत असं धरू. हुकावर ६०० किलो आले की त्यातले २०० गेले. चढावर ट्रॉली मागे खेचते, त्या ओढीने आणखी शंभर-सव्वाशे किलो कमी होतात. ट्रॅक्टर स्वतः चढावर असल्याने त्याचं वजन मागे कलतं ते वेगळंच. उरलेल्या साडेचारशे किलोंत पुढचे टायर वळणावर जमीन पकडणार तरी कसे? युरोपातल्या ट्रॅक्टरांच्या नियमांत वळवणाऱ्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार राहिला पाहिजे अशी अट आहे. आपल्या ट्रॅक्टरला तो आकडा गाठायला एक चांगला चढ आणि चुकीचा भरलेला माल पुरतो.

यात भर म्हणून चिखलणीच्या दिवसांत काही जण ट्रॅक्टरच्या नाकावरची लोखंडी वजनं काढून ठेवतात. पुढची चाकं बांधीत रुतू नयेत म्हणून ते ठीकच. पण चिखलणी संपते, रोवणी होते, कापणी येते आणि ती वजनं गोठ्याच्या कोपऱ्यात कोंबड्यांना बसायला उरतात.

आणखी एक गोष्ट चिखलणीतूनच रस्त्यावर येते. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. बांधीच्या कोपऱ्यात जागच्या जागी वळायला त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खिट्टीने जोडायचे असतात. खिट्टी उघडी राहिली आणि मागे तीन टन असताना एकच पेडल दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढ खातो आणि ट्रॉली मागून त्याला ढकलते. अशा वेळी स्टेरिंग बॉक्स उघडून बसण्यात अर्थ नाही.

आता उलटी बाजू. हुकावर भार कमी पडला किंवा हूक वरच उचलला जाऊ लागला तर काय होतं ते बांबूच्या ट्रॉलीत बघावं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावसारख्या गावांनीही आपला बांबू आपण विकायला सुरुवात केली. बांबू तोडायचा, मोजायचा, लिलाव करायचा, हे ग्रामसभांनी शिकून घेतलं. वाहतुकीचं गणित मात्र जंगलाच्या वाटेवर, ट्रॅक्टरवाल्याच्या अंदाजावर चालतं.

सहा मीटरचा बांबू ३.२ मीटरच्या साट्यात मावत नाही. पुढच्या फाळक्याला टेकवून रचला तर पावणेतीन मीटर बांबू मागे लोंबतो. बुंधे पुढे ठेवले तरी त्याचा तोल बुंध्यापासून अडीच मीटरवर, म्हणजे आसाच्या ६० सेंटिमीटर मागे पडतो. दीड टन बांबू असेल तर हूक पावणेतीनशे किलोंनी वर उचलला जातो, आणि रिकाम्या ट्रॉलीचा शंभर किलोचा भार त्याला पुरा पडत नाही. कुणी घाईत शेंडे पुढे आणि बुंधे मागे रचले तर विचारायलाच नको. बंडी हाकणारी जुनी माणसं असा भार लगेच ओळखत. बंडी उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं आणि गळपट्टा बैलाचा गळा आवळतो, त्यामुळे चूक पहिल्याच पावलाला कळायची. ट्रॅक्टर बिचारा सांगत नाही. पिनेने जखडलेला हूक वरचा ताण गुपचूप सोसत राहतो, मागच्या मोठ्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉलीचं शेपूट डावी-उजवीकडे हलायला लागतं. गॅरेजच्या भाषेत ‘ट्रॉली मारते’.

बुंधे पुढच्या फाळक्याच्या वरून हुकाच्या दांड्यापर्यंत पुढे काढले की तोल सुधारतो. पण फार पुढे काढले तर वळताना बुंधा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला किंवा चालवणाऱ्याच्या पाठीला लागतो. लांब बांबूला लांब साट्याची ट्रॉली हवी, नाहीतर बांबू तुकडे करून न्यावा. तिसरा उपाय मला माहीत नाही. तणसाची ट्रॉली त्या मानाने हलकी, पण उंच. तिला भाराचा नाही, वाऱ्याचा आणि रस्त्याच्या कलाचा त्रास. मार्कंड्याच्या यात्रेला ट्रॉलीत माणसं भरून नेणं कायद्याने तर चूक आहेच, पण तो भार उभा असतो, वळणावर एका बाजूला झुकतो आणि कुठल्याही हिशेबात बसत नाही.

ट्रॅक्टर २५-३० किलोमीटरच्या वेगाने जातो, म्हणून ट्रॉलीचं मारणं बहुतेक वेळा अंगावर येत नाही. मोटारीमागच्या कॅम्परचं तसं नाही. इथे वेग हाच मुख्य खलनायक.

कॅम्परला बाजूने धक्का बसला, वाऱ्याचा असो की खड्ड्याचा, की तो हुकाभोवती थोडा फिरतो. त्याचे टायर त्याला सरळ रेषेत परत आणतात, पण आणता आणता थोडं पलीकडे नेतात. मग पुन्हा परत. कमी वेगात प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान असतो आणि दोन-तीन हेलकाव्यांत कॅम्पर शांत होतो. वेग वाढला की तो शांत होण्याचा जोर कमी होत जातो. एका वेगापाशी हेलकावा कमीही होत नाही आणि वाढतही नाही. त्याच्या पुढे गेलं की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, आणि मग कॅम्परच मोटारीला हाकायला लागतो. हा वेग प्रत्येक जोडीचा वेगळा, आणि भार चुकीचा भरला की तो बराच खाली येतो. काल ८० ला निमूट चाललेला कॅम्पर आज ६० ला नाचू शकतो, कारण मधल्या मुक्कामात सामानाची जागा बदलली.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी वजनं आणि आस हलवता येतील असा ट्रेलर बनवून मोटारीमागे पळवला होता. हुकावरचा भार, आसाची जागा आणि वजन दोन टोकांना विखुरलेलं आहे की मध्यावर गोळा आहे, या तीन गोष्टी निर्णायक ठरल्या. पहिल्या दोन आपण बघितल्या. तिसरीकडे फारसं कुणी बघत नाही. २५ किलोची वस्तू आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवली आणि तीच दोन मीटरवर ठेवली, तर फिरण्याच्या दृष्टीने तिचा परिणाम १६ पट होतो, कारण अंतराचा वर्ग लागतो. म्हणून पुढे जड पेटी आणि मागे जड पेटी ठेवून ‘बॅलन्स’ केलेला कॅम्पर काट्यावर बरोबर दिसतो, तरी एकदा हलला की थांबायला फार वेळ घेतो.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. त्यात एका आसाचे आणि दोन आसांचे कॅराव्हॅन, तंबूचे ट्रेलर, घडीचे कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर, असे सगळे प्रकार धरले आहेत. ताडोबाकडे येणाऱ्या पाहुण्यांमागे उद्या असे ट्रेलर दिसू लागले, तर त्यांची आधी नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांशी गाठ पडेल आणि मग मोहर्लीकडच्या गतिरोधकांशी. मोठा ट्रक आपल्याला ओलांडून जाताना त्याच्या नाकासमोरची हवा कॅम्परला आधी बाहेर ढकलते आणि ट्रक पुढे सरकला की आत ओढते. दोन उलट धक्के, एकापाठोपाठ. हेलकाव्याला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं?

अमेरिकेत कॅम्परच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा असं मानतात. युरोपात मोटारी लहान, म्हणून तिथे ५ ते ७ टक्क्यांवर भागवतात आणि वेग कमी ठेवतात. ब्रिटनमध्ये नवशिक्याला सांगतात की कॅराव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. आपल्या रस्त्यांना मी दहा टक्क्यांचा आकडा धरीन, पण हुकाची आणि मोटारीची मर्यादा ओलांडून नाही. ८०० किलोच्या कॅम्परचा हुकावर ९० किलो भार आहे असं समजा. आसाच्या एक मीटर मागे ६० लिटरची पाण्याची टाकी भरली, हूक आसापासून तीन मीटरवर, तर २० किलो गेले. मागच्या दाराला दोन सायकली आणि स्टेपनी मिळून ५० किलो टांगले, आसापासून दोन मीटरवर, आणखी ३३ गेले. राहिले ३७ किलो, म्हणजे आताच्या वजनाच्या जेमतेम चार टक्के. चंद्रपूरला पाणी भरेपर्यंत कॅम्पर ठीक होता, पुढे निघाल्यावर नाचायला लागला, याचं कोडं इथे सुटतं.

तपासणी कुठून सुरू करायची? माझ्या मते वजनकाट्यावरून. राइस मिलच्या गावात ट्रक तोलायचा काटा असतोच. मोटार एकटी, नुसती पुढची चाकं काट्यावर ठेवून एक वजन घ्यावं. मग कॅम्पर जोडून पुन्हा तेच. पुढचा आकडा बराच उतरला असेल तर स्टेरिंग हलकं का झालं ते तिथल्या तिथे कळतं. मग कॅम्पर सोडून फक्त त्याचा हूक काट्यावर टेकवावा. मात्र ट्रकचा काटा दहा-वीस किलोंच्या टप्प्याने वाचतो, म्हणून लहान कॅम्परला धान्याच्या दुकानातला साधा काटा बरा. तो मोटारीच्या हुकाइतक्याच उंचीवर, विटांवर ठेवायचा, कारण नाक वर-खाली झालं की आकडाही बदलतो. काटा नसेल तर टेप घेऊन मोटारीच्या पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची जोडण्याआधी आणि नंतर मोजावी.

वजन ठीक निघालं तर मग लोखंडाकडे वळावं. हुकाच्या कड्यावरचं ग्रीस चिंधीने पुसून भोक नीट बघितलं तर पुष्कळ ट्रॉल्यांचं दुखणं तिथेच सापडतं. गोल भोक अंड्यासारखं लांबट झालेलं असतं आणि पिन मधोमध झिजून कमरेत बारीक झालेली असते. कधी तर मूळ पिन हरवून तिच्या जागी सळईचा तुकडा ठोकलेला असतो. त्या दोन बोटांच्या फटीत प्रत्येक धक्क्याला ट्रॉली मागे-पुढे, डावी-उजवी आपटते आणि तो दणका सरळ स्टेरिंगला येतो. पिन नवी घालणं स्वस्त, कड्याला बुश बसवणं थोडं खर्चाचं, पण दोन्ही मिळून टायरॉडच्या जोडीपेक्षा कमीच.

दुसरी जागा आसाची. पाट्याचे यू-बोल्ट ढिले झाले किंवा मधला बोल्ट तुटला की आस एका बाजूला मागे सरकतो. ट्रॉली मग तिरपी चालते, मागून बघणाऱ्याला कळतं, चालवणाऱ्याला नाही. खड्ड्यांच्या रस्त्याने नियमित ये-जा असेल तर हे कधीतरी होणारच. यंत्र लागत नाही, न ताणणारी दोरी पुरते. एक टोक हुकाच्या कड्याच्या मध्यावर धरायचं, दुसरं डाव्या हबच्या मध्याला लावून गाठ मारायची आणि तीच दोरी उजव्या हबला न्यायची. गाठ बोटभर पुढे-मागे आली तर आस वाकडा बसला आहे. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवावं, खटखट लागली तर बेअरिंग. टायर दोन्ही बाजूंना एकाच मापाचे आणि एकाच हवेचे हवेत. मोटारीच्या मागच्या टायरांची हवा कमी असेल तर त्यांच्या भिंती डावी-उजवीकडे लवतात आणि चांगला कॅम्परही हलायला लागतो. स्टॅबिलायझर नावाचं घर्षणाचं उपकरण हुकावर बसवता येतं. त्याने लहान हेलकावे मरतात, पण चुकीचा भार त्याने बरोबर होत नाही.

रस्त्यावर हेलकावा सुरू झालाच तर हात-पाय उलटं करू पाहतात. डावीकडे गेला म्हणून उजवीकडे स्टेरिंग मारावंसं वाटतं. माणसाची प्रतिक्रिया नेहमी अर्धा हेलकावा उशिरा पोहोचते आणि त्याला खतपाणी घालते. स्टेरिंग सरळ धरून ठेवावं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा. जोरात ब्रेक मारला तर मागचा भार मोटारीवर चढतो. कॅम्परला स्वतःचे, वेगळे चालवता येणारे ब्रेक असतील तर फक्त ते लावावेत, तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. वेग वाढवून ताण आणण्याची युक्ती काही जण सांगतात, ती ऐकू नये. अरुंद रस्त्यावर समोरच्या खनिजाच्या ट्रकला बाजू देताना मागचं चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं, तर तेही झटक्याने वर घेऊ नये. वेग कमी होईपर्यंत तसंच जाऊ द्यावं.

कुरखेड्याहून कोरचीला जाताना बेडगावचा घाट लागतो, तिथे गणित पुन्हा बदलतं. उतारावर ट्रॉली ओढली जात नाही, ती ढकलते, आणि आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकावा आणि तळाला पोहोचेपर्यंत क्लचला पाय लावू नये. क्लच दाबला की इंजिनाची अडवणूक संपते, वेग सुटतो आणि वळणावर ब्रेक मारताच ट्रॉली ट्रॅक्टरला कोपरात हात मोडावा तशी मोडते.

कॅम्परचा हेलकावा थांबला की गाडी बाजूला घेऊन पाणी, सिलिंडर, स्टेपनी यांतलं जमेल तेवढं आसाच्या थोडं पुढे आणावं. त्याआधी मात्र दोन्ही हबांपाशी हात न्यावा. एक हब नुसता कोमट आणि दुसऱ्याची धग लांबूनच लागत असेल, तर सामान हलवून उपयोग नाही. थोडं गार होऊ देऊन तिथेच जॅक लावायचा आणि बेअरिंग बघायचं.